ईआर परिषदेला निबंध पाठवताना: दाव्यापासून कॅमेरा-रेडी प्रतीपर्यंतचा क्रम

ईआर, म्हणजे इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन कन्सेप्च्युअल मॉडेलिंग: एखाद्या क्षेत्रातल्या वस्तू, त्यांची नाती आणि नियम आकृतीत कसे मांडायचे, या विषयाची परिषद. नाव ‘एन्टिटी-रिलेशनशिप’ (वस्तू आणि नाती) या मॉडेलवरून आलं. इथून निबंध परत येतात तेव्हा कारणं पुन्हा पुन्हा तीच असतात. सिस्टीम नीट बांधलेली असते, पण मॉडेलिंगबद्दल नवीन काय कळलं ते निबंधात सापडत नाही. कधी दावा असतो, पण मूल्यमापन भलत्याच गोष्टीचं केलेलं असतं. मूळ चूक क्रमाची आहे: आधी सॉफ्टवेअर, मग आकृती, मग निबंध, आणि दावा अगदी शेवटी. खालचे टप्पे उलट क्रमाने लावले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे, सहकारी साखर कारखान्यातली ऊस नोंद. महाराष्ट्रातल्या संशोधकाला ती सहज समजते आणि मॉडेलिंगचे खरे पेच तिच्यात भरपूर आहेत.

## १. परिषद आणि ट्रॅक आधी ठरवा

ईआर साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरते. निबंधांची मुदत एप्रिल-मेच्या आसपास असते आणि निकाल पावसाळ्यात लागतो. याचा अर्थ, मूल्यमापनाची माहिती मार्चअखेर हातात हवी. विद्यार्थ्यांवर प्रयोग करायचा असेल तर तो डिसेंबर-जानेवारीतच उरकावा लागतो, कारण मार्च-एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा असतात आणि कुणी भेटत नाही.

परिषदेत निबंधांचे वेगवेगळे विभाग, म्हणजे ट्रॅक असतात. मुख्य ट्रॅकचे निबंध स्प्रिंगर प्रकाशनाच्या एलएनसीएस (लेक्चर नोट्स इन कॉम्प्युटर सायन्स) मालिकेत छापले जातात. कार्यशाळांचा खंड वेगळा असतो. ईआर फोरम, पीएचडी सिम्पोझियम आणि टूल-डेमो यांचे निबंध सहसा सीईयूआर या संकेतस्थळाच्या खुल्या कार्यवृत्तात (परिषदेतल्या निबंधांच्या संग्रहात) जातात आणि त्यांचा साचाही निराळा असतो. कामाची कल्पना पक्की असेल पण मूल्यमापन अर्धवट असेल, तर मुख्य ट्रॅकमध्ये नशीब अजमावण्यापेक्षा फोरम बरा. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात असाल तर सिम्पोझियमला जा. तिथे प्रश्न मांडणं अपेक्षित असतं, उत्तर नाही, आणि अनुभवी मार्गदर्शक तुमचा आराखडा बारकाईने वाचतात. ही संधी मुख्य ट्रॅकच्या परीक्षणात मिळत नाही.

इशारा. मिळत्याजुळत्या नावाच्या, फक्त शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या परिषदा आहेत. आमंत्रणाचा ईमेल आपणहून आला, विषयांच्या यादीत स्थापत्यापासून दंतवैद्यकापर्यंत सगळं आहे आणि ‘आठ दिवसांत स्वीकृती’ असं लिहिलंय, तर ती ईआर नाही. डीबीएलपी या संगणकशास्त्रातल्या प्रकाशनांच्या ऑनलाइन सूचीत ईआरच्या खंडांची वर्षवार यादी आहे. कार्यक्रम समितीतली नावं त्या यादीतल्या लेखकांशी ताडून बघा.

तपासणी. पदोन्नतीसाठी किंवा पीएचडीच्या अटीसाठी तुमच्या विद्यापीठाला कुठलं प्रकाशन चालतं, ते लेखी विचारून ठेवा. निबंध स्वीकारल्यावर हा प्रश्न पडला तर ट्रॅक बदलता येत नाही.

## २. दावा एका वाक्यात लिहा

‘आम्ही ऊस नोंदणीची माहितीप्रणाली विकसित केली’ हा ईआरसाठी दावा नाही. ‘आम्ही ऊस नोंदणीचं ईआर मॉडेल काढलं’ हाही नाही. परीक्षक पहिल्या पानावर एकच गोष्ट शोधतो: मॉडेल काढण्याबद्दल, वाचण्याबद्दल, तपासण्याबद्दल किंवा बदलण्याबद्दल या निबंधामुळे काय नवीन कळेल?

आमच्या उदाहरणात पेच आहे खोडव्याचा. ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. जमीन तीच, मुळं तीच. पण कारखान्याच्या दप्तरी पुढच्या हंगामात त्याची नवी नोंद होते. मग मॉडेलमध्ये खोडवा म्हणजे नवी वस्तू, की जुन्याच वस्तूची पुढची अवस्था? हा शब्दच्छल नाही. तोडणीचा कार्यक्रम उसाच्या वयावर लागतो. लागणीच्या उसाचं वय लागणीच्या तारखेपासून मोजतात, खोडव्याचं मागच्या तोडणीपासून. दोन्हींना एकाच एन्टिटीत (मॉडेलमधल्या एका वस्तुप्रकारात) एकच ‘लागण तारीख’ दिली की एक तर खोडव्याचं वय वर्षाहून जास्त फुगतं, नाही तर कारकून त्या रकान्यात तोडणीची तारीख भरतो आणि मूळ लागणीची माहिती कायमची पुसली जाते.

यावरून दावा असा तयार होतो: ‘ज्या नोंदींत एकच वस्तू दर हंगामाला नव्याने नोंदली जाते, तिथे वस्तूची ओळख आणि नोंदीची ओळख वेगळी ठेवणारा एक मॉडेलिंग पॅटर्न आम्ही मांडतो, आणि त्याने वयगणनेसारख्या चुका टळतात हे दाखवतो.’ आता हा निबंध उसाचा राहिला नाही. विमा पॉलिसीचं नूतनीकरण, वाहनाची पुनर्नोंदणी, विद्यार्थ्याचा दरवर्षीचा प्रवेश, सगळीकडे तो लागू होतो. ईआरच्या परीक्षकाला नेमकं हेच हवं असतं.

तपासणी. वाक्यातून ‘ऊस’ काढून टाका. उरलेलं वाक्य तरीही काही सांगतंय का? सांगत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## ३. उदाहरण परदेशी वाचकासाठी बांधा

परीक्षक व्हिएन्नात किंवा साओ पावलोत बसलेला असेल. त्याला गट नंबर, सातबारा, आडसाली यांतलं काहीच माहीत नाही. दोन टोकाच्या चुका होतात. काहीजण साखर उद्योगावर दीड पान खर्च करतात, काहीजण शब्द तसेच टाकून देतात.

मधला मार्ग असा. सात-आठ ओळींचा एक परिच्छेद, त्यात दाव्यासाठी लागणारे नियमच, क्रमांक देऊन:

१. एका सभासदाच्या अनेक लागणी असू शकतात, एकही नसू शकते.
२. प्रत्येक लागण एकाच सभासदाच्या नावावर असते.
३. एका गटात एकाहून जास्त लागणी असू शकतात.
४. तोडणीनंतर लागणीचा खोडवा होतो आणि त्याची पुढच्या हंगामात नवी नोंद होते.
५. वय लागणीसाठी लागण तारखेपासून, खोडव्यासाठी मागच्या तोडणीपासून मोजतात.

आडसाली, पूर्वहंगामी, सुरू हे लागणीच्या हंगामाचे भेद दाव्याला लागत नसतील तर वगळा, कितीही जिव्हाळ्याचे असले तरी. पुढे प्रत्येक आकृतीच्या वर्णनात या नियमांचे क्रमांक वापरा: ‘नियम ४ आकृती २ मध्ये असा दिसतो.’ त्यामुळे परीक्षकाला मॉडेल तपासता येतं. जे तपासता येतं त्यावर तो विश्वास ठेवतो.

इशारा. नियम कारखान्याच्या शेतकी विभागातल्या माणसाकडून पडताळून घ्या. एका ठिकाणचे नियम ‘महाराष्ट्रातले नियम’ म्हणून लिहू नका. ‘अभ्यासलेल्या कारखान्यात’ असं लिहा.

## ४. मॉडेल आणि आकृत्या

इथेच सगळ्यात जास्त निबंध घसरतात, म्हणून हा टप्पा लांबलाय.

नोटेशन, म्हणजे आकृतीची चिन्हपद्धती, जाहीर करा. चेन, यूएमएल, मिन-मॅक्स, क्रोज-फूट, ऑन्टोयूएमएल, कुठलंही चालेल. पण एकच, आणि पहिल्या आकृतीच्या आधी नाव घेऊन. कारण एकाच नियमाचे आकडे दोन नोटेशनमध्ये उलट बाजूंना बसतात. वरचे नियम १ आणि २ घ्या. यूएमएलमध्ये लागणीच्या टोकाला ‘०..*’ आणि सभासदाच्या टोकाला ‘१’ येतो, कारण तिथे समोरच्या बाजूची संख्या लिहितात. मिन-मॅक्स पद्धतीत आपल्याच बाजूचा सहभाग लिहितात, म्हणून सभासदाजवळ ‘(०,एन)’ आणि लागणीजवळ ‘(१,१)’. नोटेशन सांगितलं नाही तर अर्ध्या वाचकांना तुमचं मॉडेल असं वाचता येईल की एका लागणीचे अनेक मालक आहेत आणि एका सभासदाची एकच लागण. परीक्षक ते चूक म्हणून लिहितो आणि मग उरलेला निबंध संशयाने वाचतो.

तिहेरी संबंध असेल तर दुप्पट सावध. समजा ‘तोडणी’ हा टोळी, लागण आणि वाहन यांच्यातला संबंध आहे. मिन-मॅक्समध्ये टोळीजवळचा आकडा सांगतो की एक टोळी किती तोडण्यांत भाग घेते. समोरच्या बाजूची संख्या लिहिणाऱ्या पद्धतीत तोच आकडा सांगतो की लागण आणि वाहनाची एक ठरावीक जोडी घेतली तर तिच्यासोबत किती टोळ्या येऊ शकतात. हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं निघत नाही. दुसऱ्या पद्धतीत ‘प्रत्येक टोळीने किमान एक तोडणी केलीच पाहिजे’ हे आकृतीत सांगताच येत नाही: किमान १ लिहिलं की लागण-वाहनाच्या शक्य त्या प्रत्येक जोडीला टोळी हवी, असा अर्थ होतो. तो नियम वेगळा लिहा, ओसीएलमध्ये (यूएमएलसोबतची अटी लिहायची भाषा) किंवा साध्या वाक्यात. किंवा ‘तोडणी’ला स्वतंत्र एन्टिटी करा आणि तसं का केलं ते एका ओळीत सांगा.

ऑन्टोयूएमएल (यूएमएलवर बेतलेलं, वस्तूंच्या स्वरूपाचे भेद दाखवणारं नोटेशन) वापरत असाल तर स्टिरिओटाइप, म्हणजे घटकाचा प्रकार सांगणाऱ्या खुणा, सजावटीसाठी लावू नका. प्रत्येकामागे अट असते आणि परीक्षकांत ती अट पाठ असलेली माणसं हमखास असतात. तीन चुका नेहमी दिसतात.

लागण आणि खोडवा यांना ‘ऊसपीक’चे सबकाइंड, म्हणजे उपप्रकार, करणं ही पहिली. सबकाइंड बदलता येत नाही, वस्तू शेवटपर्यंत त्याच प्रकारची राहते. इथे तर तेच पीक लागणीतून खोडव्यात जातं. म्हणून या दोन्ही फेज, म्हणजे अवस्था, आहेत. हंगामाची नोंद हा तिसराच घटक. दुसरी चूक, ‘सभासद’ला प्रकारांच्या उतरंडीत ‘व्यक्ती’च्या वर ठेवणं. सभासदत्व येतं आणि जातं, व्यक्ती व्यक्तीच राहते. जे बदलू शकतं ते, न बदलणाऱ्याच्या वर बसू शकत नाही. तिसरी जरा सूक्ष्म आहे: सभासद व्यक्ती असू शकतो तशी संस्थाही असू शकते. दोघांची ओळख पटवायचे निकष वेगळे, म्हणून ‘सभासद’ हा साधा रोल (भूमिका) न राहता रोलमिक्सिन (वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंना घेता येणारी भूमिका) होतो, आणि त्याच्याखाली व्यक्ती-सभासद आणि संस्था-सभासद असे दोन रोल येतात. रोल दाखवला की तो ज्या नात्यामुळे मिळतो ते नातंही आकृतीत हवं, इथे कारखान्याशी असलेलं सभासदत्व.

कागदावरची आकृती. एलएनसीएसचं पान एका स्तंभाचं, मजकुराची रुंदी १२२ मिलिमीटर. मोठ्या स्क्रीनवर काढलेली ४० एन्टिटींची आकृती या रुंदीत बसवली की अक्षरं दिसेनाशी होतात. कमीत कमी ६ पॉइंट अक्षर राहिलं पाहिजे. प्रत्यक्षात एका आकृतीत १०-१२ एन्टिटींपेक्षा जास्त घेऊ नका. संपूर्ण मॉडेल झेनोडोसारख्या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवा आणि निबंधात दाव्याला लागणारा तुकडाच द्या. स्क्रीनशॉट नको, पीडीएफ स्वरूपात व्हेक्टर चित्र काढा. फक्त रंगावर अर्थ टाकू नका. काळ्या-पांढऱ्या छपाईत लाल आणि हिरवा सारखेच करडे दिसतात.

तपासणी. आकृती १०० टक्के आकारात छापा आणि मॉडेलिंग येणाऱ्या पण ऊस न माहीत असणाऱ्या सहकाऱ्याला द्या. त्याला फक्त आकृतीवरून पाचही नियम लिहायला सांगा. जो नियम चुकेल तिथे आकृती चुकलेली आहे.

## ५. मूल्यमापन दाव्याचंच करा

दावा ‘चुका टळतात’ असा आहे, तर चुका मोजा. ‘२० वापरकर्त्यांपैकी बहुतेकांना प्रणाली आवडली’ हा आवडीचा पुरावा झाला, दाव्याचा नव्हे.

पॅटर्न वापरून आणि न वापरता काढलेलं मॉडेल वाचणाऱ्या दोन गटांची तुलना करायची असेल तर तयारी या क्रमाने:

१. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी माहिती गोळा करण्याआधी घ्या. नंतर घेतलेली परवानगी बहुतेक ठिकाणी चालत नाही. तुम्हीच त्या वर्गाला शिकवत असाल तर सहभागाचा गुणांशी संबंध नाही, हे लेखी द्या.
२. दोन्ही गटांना मिळणारी माहिती सारखी ठेवा. एका गटाच्या आकृतीत वयाचा नियम दिसतोय आणि दुसऱ्याच्या दिसत नाही, तर तुम्ही पॅटर्न नव्हे, माहितीचं प्रमाण मोजलं.
३. प्रश्न दोन प्रकारचे ठेवा. आकृतीत थेट दिसणारं विचारणारे, आणि आकृतीवरून विचार करून सोडवायचे. ‘या सभासदाचा खोडवा जानेवारीत किती महिन्यांचा असेल?’ हा दुसऱ्या प्रकारचा. फरक बहुधा इथेच दिसतो.
४. विषयाचं पूर्वज्ञान मोजा. सांगली-कोल्हापूरच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी ऊस असू शकतो. त्यांना खोडवा आकृतीवरून नव्हे, शेतावरून माहीत असतो. पाच प्रश्नांची पूर्वचाचणी घ्या आणि गट पाडताना ती विचारात घ्या.
५. संख्या आधी काढा. दोन स्वतंत्र गट, मध्यम परिणाम, म्हणजे ०.५ प्रमाणित फरक, ५ टक्के दुहेरी सार्थकता पातळी आणि ८० टक्के शक्ती (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. परिणाम मोठा, ०.८ धरला तर २६. तुमच्याकडे १५-१५ असतील तर तो प्रयोग अन्वेषणात्मक म्हणा आणि दावा तेवढाच ठेवा.
६. चार-पाच जणांवर चाचणी फेरी घ्या. प्रश्नातली संदिग्धता इथे पकडली जाते. या जणांची उत्तरं मुख्य निकालात मिसळू नका.

माणसं मिळणं शक्य नसेल तर दुसरी वाट आहे: वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या तीन-चार खऱ्या स्कीमांवर (डेटाबेसच्या आराखड्यांवर) पॅटर्न लावून बघणे, किती ठिकाणी लागू झाला आणि कुठे अडला ते नोंदवणे. जिथे अडला ते प्रामाणिकपणे लिहिलेलं परीक्षकाला आवडतं, कारण त्यावरून पॅटर्नची हद्द कळते.

हल्ली भाषा-मॉडेलकडून आकृत्या काढून घेणारे निबंध पुष्कळ येतात. तिथे चार गोष्टी नसल्या तर काम पुन्हा करून बघता येत नाही: मॉडेलची नेमकी आवृत्ती, वापरल्याची तारीख, पूर्ण प्रॉम्प्ट, आणि एकच प्रश्न किती वेळा विचारला. एकाच ‘आदर्श’ आकृतीशी तुलना करणंही धोक्याचं आहे. एका वर्णनाची दोन बरोबर मॉडेलं असू शकतात.

इशारा. वैधतेला असलेल्या धोक्यांचा भाग साच्यातून उचलू नका. ‘सहभागी विद्यार्थी होते’ एवढं पुरत नाही. त्यामुळे निकाल कुठल्या दिशेला झुकू शकतो आणि तुम्ही त्यावर काय केलं ते लिहा.

## ६. लिहिण्याचा क्रम आणि पानांची वाटणी

पानांची मर्यादा वर्षागणिक बदलते आणि संदर्भसूची तीत धरतात की नाही तेही. त्या वर्षीचं आवाहन वाचा, मागच्या वर्षीचा समज धरून बसू नका. संदर्भांसह १५ पानं धरली तर वाटणी साधारण अशी: प्रस्तावना दीड, संबंधित काम दीड, उदाहरण व पार्श्वभूमी दीड, मुख्य योगदान ४, मूल्यमापन ३, चर्चा १, समारोप अर्धा, संदर्भ २.

लिहायला सुरुवात योगदानापासून करा. मग मूल्यमापन, उदाहरण, संबंधित काम, प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी सारांश. प्रस्तावना आधी लिहिली की ती मोठमोठी आश्वासनं देते आणि मग ती निभावता येत नाहीत.

संबंधित कामात नुसती यादी नको. प्रत्येक गटाबद्दल दोन वाक्यं: त्यांनी काय सोडवलं, आणि आमचा प्रश्न तिथे का सुटत नाही. ईआर, सीएआयएसई (माहितीप्रणालींवरची परिषद) आणि डेटा अँड नॉलेज इंजिनिअरिंग हे नियतकालिक यांतलं गेल्या काही वर्षांतलं काम वाचलेलं दिसलं पाहिजे. समितीतलीच माणसं तिथे लिहितात, आणि ‘या विषयावर कुणीच काम केलेलं नाही’ हे वाक्य त्यांनी तपासायला घेतलं की क्वचितच टिकतं.

## ७. साचा आणि निनावीपणा

लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचा एलएलएनसीएस क्लास (साच्याची फाईल) स्प्रिंगरच्या पानावरून ताजा उतरवून घ्या. जुना, मित्राकडून आलेला नको. समास, अक्षराचा आकार, ओळींतली जागा यांना हात लावू नका. उणे अंतर घालून दोन ओळी वाचवणं लगेच ओळखू येतं, आणि मर्यादा मोडलेला निबंध परीक्षणाला न जाताच परत येऊ शकतो. आकृतीचं शीर्षक खाली, तक्त्याचं वर. संदर्भ चौकटी कंसात क्रमांकाने.

आवाहनात निनावी परीक्षण सांगितलं असेल तर लेखकांची नावं काढणं हा फक्त पहिला भाग. हे सगळं बघा:

- आभार आणि अनुदान क्रमांक.
- ‘आमच्या मागील निबंधात [७]’ अशी वाक्यं. जुनं काम तिसऱ्या व्यक्तीत सांगा.
- पीडीएफच्या गुणधर्मांतलं लेखकाचं नाव.
- गिटहबचा दुवा. निनावी प्रतीचा दुवा द्या.
- आकृतीतलं कारखान्याचं नाव आणि स्क्रीनवर दिसणारं लॉगिन.

शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तालुक्यातला एकच कारखाना आणि एकच अभियांत्रिकी महाविद्यालय असेल तर लेखक ओळखायला वेळ लागत नाही.

## ८. ईझीचेअरवर सादर करणं

ईझीचेअर ही निबंध सादर करण्याची वेबप्रणाली. आधी सारांश नोंदवायचा आणि साधारण आठवड्याने पूर्ण निबंध, अशी पद्धत बऱ्याच वर्षी असते. सारांशाची मुदत चुकली तर पुढे निबंध घेतला जात नाही. सारांश नोंदवतानाच विषयांच्या खुणा करायच्या असतात. कुठले परीक्षक तुमचा निबंध मागून घेतील ते या खुणा आणि शीर्षक यांवर ठरतं. दहा विषयांवर खुणा केल्या तर निबंध कुणाच्याच खास विषयाचा राहत नाही. दोन किंवा तीनच निवडा. हितसंबंधांच्या यादीत (ज्यांनी तुमचा निबंध तपासू नये त्यांच्या) पीएचडीचे मार्गदर्शक आणि अलीकडचे सहलेखक घाला.

मुदत बहुधा एओई (एनिव्हेअर ऑन अर्थ) वेळेत दिलेली असते, म्हणजे जागतिक वेळेच्या १२ तास मागे. तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ५:२९. कामाला मिळालेला जादा दिवस म्हणून त्याकडे बघू नका. आदल्या दिवशी एक पूर्ण प्रत चढवून ठेवा. मुदतीपर्यंत ती बदलता येते, न चढवलेली मात्र वाचवता येत नाही.

तपासणी. चढवलेली पीडीएफ परत उतरवून दुसऱ्या संगणकावर उघडा. आकृत्यांतले फॉन्ट फाईलमध्ये भरलेले नसतील तर ते इथे कळतं.

## ९. निकाल आणि कॅमेरा-रेडी प्रत

स्वीकृती आल्यावर कॅमेरा-रेडी, म्हणजे छपाईला जाणारी अंतिम प्रत द्यायला हाती वेळ थोडा असतो. परीक्षकांचे सगळे मुद्दे एका तक्त्यात उतरवा: मुद्दा, काय बदललं, कुठल्या पानावर. दोन परीक्षकांनी एकच शंका घेतली असेल तर दोष वाचणाऱ्यांचा नाही, मजकुराचा आहे. तो भाग पुन्हा लिहा, खुलासा जोडून भागवू नका.

स्प्रिंगरला अंतिम पीडीएफसोबत सगळ्या मूळ फाइली आणि प्रकाशन-परवान्याचा सही केलेला अर्ज लागतो. सही पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाची, आणि निबंधात तोच लेखक खुणेने दाखवलेला हवा. अर्जावरचं शीर्षक आणि निबंधाचं शीर्षक अक्षरशः सारखं ठेवा. लेखकांची नावं, क्रम आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक) पाठवण्याआधी प्रत्येकाकडून पक्के करून घ्या. नंतर लेखक वाढवणं-कमी करणं होत नाही, आणि मराठी नावांत तर आडनाव आधी की नंतर यावरूनच नोंदी चुकतात. लेखनात एआय साधन वापरलं असेल आणि ते निव्वळ भाषा तपासण्यापलीकडचं असेल तर तसं नमूद करा. असं साधन लेखक म्हणून लावता येत नाही.

नाकारला गेला तर तोच निबंध त्याच आठवड्यात दुसरीकडे पाठवू नका. या क्षेत्रात परीक्षक मोजके आहेत, तोच माणूस पुन्हा भेटण्याची शक्यता बरीच असते आणि न बदललेला निबंध तो लगेच ओळखतो.

## १०. नोंदणी, व्हिसा आणि सादरीकरण

प्रत्येक निबंधामागे किमान एका लेखकाची नोंदणी लागते. विद्यार्थी सवलतीची नोंदणी निबंधासाठी धरली जातेच असं नाही. पैसे भरण्याआधी विचारा. पावती संस्थेच्या नावाने आणि पत्त्याने हवी असेल तर तेही आधीच सांगा, नाहीतर महाविद्यालयाच्या लेखा विभागात बिल अडकतं.

परिषद युरोपात असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीची शेवटची मर्यादा आहे. पण अडचण अर्जाची नसून भेटीची तारीख मिळण्याची असते. निकालाच्या दिवशीच आयोजकांकडे निमंत्रणपत्र मागा. प्रवास अनुदानाच्या अर्जाला तेच पत्र लागतं.

सादरीकरणाला सहसा १५ ते २० मिनिटं आणि त्यावर प्रश्न. निबंधातली आकृती स्लाइडवर तशीच डकवू नका. ती टप्प्याने उभी करा: आधी नियम ४, मग चुकणारं मॉडेल, मग खोडव्याचं वय चुकलेलं दाखवणारी एक नोंद, आणि मग तुमचा पॅटर्न. श्रोत्यांना चूक आधी दिसली की उपाय समजवायला दोन मिनिटं पुरतात. प्रश्न बहुधा असा येतो: ‘हे टेम्पोरल मॉडेलिंगने (काळानुसार बदलणाऱ्या माहितीच्या मॉडेलिंगने) होत नाही का?’ याचं उत्तर एका स्लाइडवर तयार ठेवा, मुख्य स्लाइडांच्या मागे.

प्रश्नोत्तरांत जे बोललं जाईल ते सहलेखकाला लिहून घ्यायला सांगा, विचारणाऱ्याच्या नावासह. निवडक निबंधांची विस्तारित आवृत्ती नियतकालिकाला मागितली जाते, आणि तिथे साधारण ३० टक्के नवा मजकूर अपेक्षित असतो. तो त्या प्रश्नांतून काढा.